पत्रातली तारीख : मानवी तस्करीतून सुटलेल्या परदेशी बाईला अमेरिकेत सरकारी आरोग्यसेवा मिळेपर्यंत

फेब्रुवारी २०२५. न्यू जर्सीच्या मिडलसेक्स काउंटीतल्या एका रुग्णालयाचा तातडीचा विभाग. उजव्या तळपायाला जुन्या रुपयाएवढी जखम, कडेने काळवंडलेली. पाय घोट्यापर्यंत सुजलेला, रक्तातली साखर ४१२. रुग्ण ४३ वर्षांच्या, कोकणातल्या. मराठी येते, हिंदी तोडकंमोडकं, इंग्रजी नाही. सोबत आलेल्या घरमालकिणीने खिडकीवर सांगितलं, "या आमच्या मावशी."

आपल्याकडे घरकाम करणाऱ्या बाईला मावशी म्हणतात हे खिडकीपलीकडच्या कारकुनाला कुठून ठाऊक असणार? त्याने इंग्रजीत नोंद केली ती आईच्या बहिणीची. पुढच्या तीन तासांत डॉक्टर, परिचारिका आणि समाजसेविका या सगळ्यांनी त्या कागदावर विसंबून भाचीलाच प्रश्न विचारले आणि भाचीनेच उत्तरं दिली. ही एक नोंद पुढे सहा महिने छळत राहिली.

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचं नाही. अशा प्रकरणांत पुन्हापुन्हा दिसणारे तपशील जोडून ते मांडलं आहे, म्हणजे कोणाची ओळख उघड होणार नाही. कायदे, मुदती आणि पात्रतेचे नियम मात्र प्रत्यक्षातले आहेत.

बाई २०२२ मध्ये पर्यटक व्हिसावर आल्या होत्या. एजंटने घर गहाण टाकायला लावलं होतं. महिन्याला २५,००० रुपये भावाच्या खात्यात जमा होतील असं ठरलं, पण पाच महिन्यांनी पैसे थांबले. पासपोर्ट "सांभाळून ठेवायला" म्हणून घेतला गेला तो कपाटात कुलूपबंद. काम पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत. "तुमचा व्हिसा संपलाय, बाहेर पडलात तर पोलीस धरतील," हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की पाय सडायला लागला तरी त्या बोलल्या नाहीत.

पहिली रात्र

१९८६ च्या एमटाला कायद्यानुसार तातडीच्या विभागात आलेल्या कोणालाही आधी तपासावं लागतं आणि प्रकृती स्थिर करावी लागते. विमा आहे का, कागदपत्रं काय, हे प्रश्न त्यानंतर. पण हा कायदा उपचार फुकट करत नाही. बिल येतंच. मराठी घरांतही हा गैरसमज सर्रास दिसतो.

कलाटणी मिळाली ती दुभाष्यामुळे. परवडणाऱ्या आरोग्यसेवेच्या कायद्यातल्या कलम १५५७ प्रमाणे रुग्णालयाने स्वतःच्या खर्चाने पात्र दुभाषा द्यायचा असतो आणि सोबत आलेल्या माणसावर विसंबायचं नसतं. रात्रपाळीच्या परिचारिकेने फोनवर दुभाषी मागितली. आधी हिंदीची आली. बाई "हां, हां" म्हणत राहिल्या आणि नोंद झाली, "रुग्णाला समजले." परिचारिकेला ते पटलं नाही. तिने मराठी मागितली आणि पायाचा एक्स-रे काढायचा आहे असं सांगून सोबतच्या बाईंना बाहेर बसवलं. हे निमित्त उत्तम, कारण कोणाला वावगं वाटत नाही आणि एकांत मिळतो.

मराठी दुभाषीने पहिलाच प्रश्न केला, "ताई, तुमचा पासपोर्ट कोणाकडे असतो?" थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग उत्तर आलं, "त्यांच्याकडे. मला मिळत नाही."

तस्करी झाली का, असं कधीच विचारू नये. त्या शब्दाशी कोणी स्वतःला जोडत नाही. पासपोर्ट कोणाकडे, पगार कोणाच्या हातात, एकट्याने बाहेर जाता येतं का, काम सोडलं तर काय होईल असं सांगितलंय, हे चार प्रश्न पुरतात. २००० च्या तस्करीपीडित संरक्षण कायद्यात व्याख्येची तीन टोकं आहेत : बळजबरी, फसवणूक किंवा धाक. मजुरीच्या बाबतीत यांपैकी एकही पुरे. मारहाण झालेलीच असावी लागत नाही आणि कोणाला साखळीने बांधलेलं असावं लागत नाही.

नोंदीबद्दल एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. ऑक्टोबर २०१८ पासून निदानाच्या संकेतांमध्ये सक्तीच्या मजुरीसाठी वेगळे संकेत आहेत : प्रौढांसाठी खात्री असल्यास टी७४.६१, संशय असल्यास टी७६.६१. पुढे टी व्हिसाच्या, म्हणजे तस्करीपीडितांना देशात राहू देणाऱ्या व्हिसाच्या, अर्जाला याच नोंदीचा मोठा आधार मिळतो. पण हाच संकेत बिलावर छापून घरमालकाच्या पत्त्यावर गेला तर बाईच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून त्याच रात्री रुग्णाकडून पर्यायी पत्ता लिहून घ्यायचा. अशी वाजवी विनंती रुग्णालयाने मान्य केलीच पाहिजे, तो रुग्णाचा हक्क आहे. या प्रकरणात रुग्णालयाने पत्ता बदलला, पण डॉक्टरांची बिलं वेगळ्या कंपनीकडून जात होती आणि तिच्याकडे जुनाच पत्ता राहिला. दोन पाकिटं त्या घरी पोचली. तोवर बाई आश्रयगृहात सुखरूप होत्या, हे सुदैव. पत्ता बदलायचा तर रुग्णालय, डॉक्टरांचा गट, प्रयोगशाळा आणि रुग्णवाहिका अशा चारही ठिकाणी बदलावा लागतो.

मधला कोरडा काळ

१९९६ च्या कल्याणकारी सुधारणा कायद्याने परदेशी नागरिकांची दोन गटांत वाटणी केली : "पात्र" आणि बाकीचे. पात्रांतल्याही बहुतेकांना मेडिकेडसाठी, म्हणजे कमी उत्पन्न असलेल्यांच्या सरकारी आरोग्ययोजनेसाठी, पाच वर्षं थांबावं लागतं. निर्वासितांना हा थांबा नाही. २००० च्या कायद्याने तस्करीपीडितांना निर्वासितांच्या बरोबरीने आणून बसवलं. मात्र अट अशी, की प्रौढ व्यक्तीकडे केंद्रीय आरोग्य व मानवी सेवा खात्याचं प्रमाणपत्र हवं. हा कागद हाती येईपर्यंत माणूस कायद्याच्या नजरेत पीडित नसतो, फक्त मुदत संपलेला पर्यटक असतो. आणि कागद यायला महिने जातात.

या महिन्यांत उघडी असलेली दारं थोडी आहेत आणि प्रत्येकाचं माप वेगळं आहे. पहिलं, इमर्जन्सी मेडिकेड. माणूस त्या राज्यात राहत असेल आणि उत्पन्न बसत असेल तर कागदपत्रं नसली तरी तातडीचा खर्च यातून भागतो. बाईंचं सहा दिवसांचं भरतीचं बिल, शिरेतून दिलेली प्रतिजैविकं, जखम साफ करण्याची शस्त्रक्रिया हे सगळं यात बसलं. पण घरी सोडल्याच्या क्षणी तातडी संपते. इन्सुलिन, ड्रेसिंग, साखर मोजायच्या पट्ट्या यातलं काहीच त्यात नाही. चिठ्ठी हातात होती, पैसे नव्हते. बाराव्या दिवशी जखम पुन्हा चिघळून त्या परत भरती झाल्या, आणि तो खर्च सरकारने बिनतक्रार दिला. काही डॉलरचं इन्सुलिन नाकारून हजारो डॉलरचा पलंग द्यायचा, अशी या नियमाची रचना आहे. डॉक्टरांना हे माहीत असतं, म्हणून ते हळहळतात. घरी पाठवतानाच पुढच्या औषधाची सोय झाली आहे का, एवढं कोणी पाहिलं असतं तरी दुसरी भरती टळली असती.

दुसरं दार न्यू जर्सीपुरतं : चॅरिटी केअर. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या २०० टक्क्यांपर्यंत असेल तर रुग्णालयाचं बिल पूर्ण माफ, ३०० टक्क्यांपर्यंत अंशतः. एकट्या व्यक्तीची मालमत्ता ७,५०० डॉलरच्या आत हवी. उत्पन्नाचा पुरावा नसेल तर तसं लेखी निवेदन चालतं. मेख अशी, की माफी रुग्णालयाच्या बिलापुरती असते. भूलतज्ज्ञ, शल्यविशारद, एक्स-रे वाचणारे डॉक्टर यांची बिलं वेगळी येतात आणि त्यात बसत नाहीत. बाईंच्या नावावर अशी तीन बिलं होती. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र अर्ज करावा लागला.

तिसरं दार म्हणजे केंद्रीय अनुदानावर चालणारी सामुदायिक आरोग्य केंद्रं. इथे उत्पन्नाच्या पट्टीप्रमाणे फी आणि सवलतीत औषधं मिळतात. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने या केंद्रांनाही १९९६ च्या कायद्याच्या कक्षेत आणणारी सूचना काढली. ज्या राज्यांनी दावा केला तिथे न्यायालयाने सप्टेंबरमध्ये तिला स्थगिती दिली. त्यामुळे दुसऱ्या राज्यातल्या माणसाला पाठवण्याआधी त्या केंद्राला फोन करून विचारलेलं बरं.

इन्सुलिनबद्दल सावधगिरीचं एक. काही साखळी दुकानांत जुन्या पद्धतीच्या मानवी इन्सुलिनची कुपी सुमारे २५ डॉलरला मिळते आणि अडीअडचणीला तीच उपयोगी पडते. पण रुग्णालयाने दिलेलं चोवीस तास टिकणारं इन्सुलिन २० युनिट असेल, तर हे रात्री एकदम २० टोचून चालत नाही. याचा जोर मध्येच चढतो आणि पहाटे साखर घसरते. दिवसातून दोनदा किती घ्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवून द्यायचं आणि आश्रयगृहातल्या फ्रीजवर मराठीत लिहून चिकटवायचं. बाईंच्या बाबतीत तसंच केलं : "सकाळी न्याहारीआधी, रात्री जेवणाआधी. हात थरथरले तर आधी साखर खा, मग फोन कर."

तस्करीपीडितांसाठीची केंद्रीय सहाय्य योजनाही प्रमाणपत्राआधी लागू होते. स्थानिक संस्थांमार्फत त्यातून प्रकरण-समन्वयक मिळतो आणि थोडाफार वैद्यकीय खर्च निघतो. बाईंचा दात याच पैशांतून काढला.

प्रमाणपत्र कसं येतं

प्रमाणपत्रासाठी प्रौढ व्यक्ती स्वतः अर्ज करत नाही. वकिलांनाही कधीकधी हे नवीन असतं. दोन वाटांपैकी एक पुरी झाली की गृहसुरक्षा खातं आरोग्य खात्यातल्या तस्करीविरोधी कार्यालयाला कळवतं आणि तिथून पत्र निघतं. पहिली वाट "कंटिन्यूड प्रेझेन्स", म्हणजे तपासासाठी देशात राहण्याची तात्पुरती परवानगी. ती केंद्रीय तपासयंत्रणेनेच मागायची असते. स्थानिक पोलिसाला सहानुभूती असली तरी त्याची सही पुरत नाही, त्याला केंद्रीय अधिकाऱ्यामार्फत जावं लागतं. परवानगी सुरुवातीला दोन वर्षांची असते आणि सोबत कामाचा परवाना मिळतो.

दुसरी वाट टी व्हिसाची : अर्ज आय-९१४, फी नाही. पोलिसांचं प्रतिज्ञापत्र असेल तर उत्तम, पण ते सक्तीचं नाही. २८ ऑगस्ट २०२४ पासून लागू झालेल्या नियमाप्रमाणे अर्ज प्राथमिक छाननीत खरा वाटला तर अंतिम निकालाआधीच तसा निर्णय कळवला जातो, आणि त्यावरही प्रमाणपत्र निघतं. तपासात वाजवी सहकार्याची अट आहे, पण मानसिक किंवा शारीरिक आघातामुळे ते शक्य नसेल तर सूट मिळते. त्यासाठी उपचार करणाऱ्या तज्ज्ञाच्या सविस्तर पत्राचा मोठा आधार मिळतो. "रुग्ण तणावाखाली आहे" या एका ओळीने काही होत नाही.

बाईंना जूनमध्ये पहिल्या वाटेने परवानगी मिळाली. तीन आठवडे झाले तरी पत्र आलं नाही, कारण एका खात्याने दुसऱ्याला कळवणं मध्येच कुठेतरी अडकलं होतं. वकिलाने परवानगीची प्रत थेट तस्करीविरोधी कार्यालयाला पाठवली आणि पत्र वकिलाच्या पत्त्यावर आलं. साधा पांढरा कागद, वर लेटरहेड, आत बाईंचं नाव, एक क्रमांक, आणि मधल्या परिच्छेदात प्रमाणनाची तारीख : २४ जून २०२५. फोटो नाही, शिक्का नाही, हाताला प्लास्टिकचं कार्डही नाही. सरकारी कागद भपकेदार असतो असं मानणाऱ्याला तो खोटा वाटू शकतो.

खिडकीवर काय चुकलं

जुलैत काउंटीच्या समाजसेवा कार्यालयात न्यू जर्सी फॅमिलीकेअरचा, म्हणजे तिथल्या मेडिकेडचा अर्ज भरला. एकट्या प्रौढासाठी २०२५ ची उत्पन्नमर्यादा महिन्याला साधारण १,८०० डॉलर. बाईंचं उत्पन्न शून्य. तरी अर्ज नाकारला गेला, आणि एका नव्हे तर तीन कारणांनी.

पहिलं कारण "सेव्ह". व्हिसाची स्थिती तपासायची ही संगणकप्रणाली प्रत्येक कार्यालय आपोआप वापरतं. पण तस्करीपीडितांच्या प्रमाणपत्राची माहिती तिच्यात नसते. कर्मचारीण पत्र बाजूला ठेवून सेव्हमध्ये शोधत बसली, आणि उत्तर आलं ते २०२२ च्या पर्यटक व्हिसाचं. नियम असा, की हे पत्रच स्थलांतराच्या कागदाऐवजी ग्राह्य धरायचं आणि त्यावर छापलेल्या पडताळणी क्रमांकावर फोन करून खात्री करायची. मूळ पत्र ठेवून घ्यायचं नाही, प्रत काढून परत द्यायचं. पत्राला मुदत नसते, म्हणून "नवीन आणा" असंही म्हणता येत नाही.

दुसरी चूक तारखेची, आणि सगळ्यांत महागडी. अर्जात "देशात प्रवेशाची तारीख" असा रकाना असतो. बाईंनी खरं तेच सांगितलं : २०२२. पण सरकारी मदतीच्या हिशेबात तस्करीपीडिताची प्रवेशतारीख विमानातून उतरल्याची धरत नाहीत. पत्रात लिहिलेली प्रमाणनाची तारीख धरतात. रकान्यात २४ जून २०२५ हवं होतं. चुकीची तारीख पडली की संगणक सगळा हिशेब त्याच तारखेपासून करतो, आणि समोरच्या माणसाला त्यात काही गैर दिसत नाही.

तिसरी चूक म्हणजे "मावशी". रुग्णालयाच्या जुन्या नोंदीतून नातं उचललं गेलं आणि भाचीच्या घरचं उत्पन्न विचारलं गेलं. वकिलाने एका पानाचं निवेदन जोडलं : मराठीत मावशी हा शब्द घरकाम करणाऱ्या स्त्रीसाठी वापरतात, रक्ताचं नातं नाही, कुटुंबसंख्या एक. दुभाषीने ते प्रमाणित केलं.

फेरअर्जासोबत पहिल्याच पानावर एक चिठ्ठी लावली. तिच्यात प्रमाणनाची तारीख, पडताळणीचा फोन क्रमांक, कुटुंबसंख्या आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचा अर्ज केल्याची तारीख लिहिली. हा क्रमांक आलेला नाही एवढ्यावरून मेडिकेड अडवता येत नाही. शिवाय स्थितीची पडताळणी बाकी असेल तर अर्जदाराला ९० दिवसांची वाजवी संधी मिळते आणि त्या काळात बाकी पात्रता असल्यास मेडिकेड चालू करावं लागतं. हे वाक्य नियमाच्या क्रमांकासह छापून नेलेलं बरं, कारण ते तोंडी सांगून कोणी मानत नाही. ऑगस्टमध्ये कार्ड आलं. पात्रता २४ जूनपासून धरली गेली. त्याआधीची बिलं मात्र इमर्जन्सी मेडिकेड आणि चॅरिटी केअर यांच्याच वाट्याला राहिली.

बाईंना सतत एक भीती होती : सरकारी मदत घेतली तर पुढे ग्रीनकार्ड नाकारतील का? टी व्हिसावाल्यांना आणि त्याच्या अर्जदारांना "सरकारवर भार" ही अट लागू नाही. हे त्यांना तीनदा सांगावं लागलं, तिसऱ्यांदा मराठीत लिहून.

हीच बाई टेक्सासमध्ये असती तर चित्र वेगळं असतं. तिथे मूल नसलेल्या, अपंगत्व नसलेल्या प्रौढाला मेडिकेडच नाही. तिथे निर्वासितांसाठीची वैद्यकीय मदत मिळते, पण ५ मे २०२५ पासून ती १२ महिन्यांवरून ४ महिन्यांवर आली. घड्याळ पत्रातल्या तारखेपासून धावतं, म्हणून पत्र टपालात दोन आठवडे पडून राहिलं तर ते दोन आठवडे गेलेच. व्यक्ती १८ वर्षांखालची असेल तर मार्ग सोपा : सहकार्याची अट नाही, प्रमाणपत्राऐवजी पात्रतापत्र मिळतं, आणि चौकशी चालू असताना ९० दिवसांचं तात्पुरतं पत्रही. अशा मुलाची माहिती कळल्यापासून २४ तासांत सरकारी अधिकाऱ्याने आरोग्य खात्याला कळवणं बंधनकारक आहे. पुढे कोकणातून बाईंची मुलगी टी-३, म्हणजे पीडिताच्या अपत्यासाठीच्या, व्हिसावर आली, तर तिला वेगळं प्रमाणपत्र लागत नाही. तिच्या व्हिसाचा कागद पुरतो.

१ ऑक्टोबर २०२६

४ जुलै २०२५ ला सही झालेल्या केंद्रीय कायद्याने मेडिकेडसाठी पात्र परदेशी लोकांची यादी आखडली. १ ऑक्टोबर २०२६ पासून ग्रीनकार्डधारक, क्यूबा-हैतीचे विशिष्ट प्रवेशार्थी आणि पॅसिफिकमधल्या करारबद्ध बेटांचे नागरिक एवढेच त्यात राहतात. निर्वासित गेले, आणि त्यांच्या बरोबरीने बसवलेले तस्करीपीडितही. पंचवीस वर्षं जे प्रमाणपत्र दार उघडत होतं, ते हातात असूनही दार बंद. राज्यांच्या पर्यायातून कायदेशीर राहणाऱ्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना मिळणारं संरक्षण शिल्लक आहे, इमर्जन्सी मेडिकेडही आहे. आरोग्यविम्याच्या सरकारी बाजारपेठेतून घेतलेल्या विम्यावरचं अनुदानही १ जानेवारी २०२७ पासून याच यादीपुरतं उरतं. ज्यांच्या पायाची जखम वर्षभर ड्रेसिंग करून भरली, त्यांना पुन्हा जखम तातडीची होईपर्यंत थांबा म्हणणं, याला आम्ही अन्यायच म्हणतो.

त्यामुळे बाईंच्या फाइलमध्ये दोन कामं आता एकदम चालतात. पहिलं ग्रीनकार्डचं. टी व्हिसावर तीन वर्षं पूर्ण झाली की अर्ज करता येतो. पण तपास किंवा खटला त्याआधी संपला असं न्यायखात्याने लेखी दिलं तर थांबावं लागत नाही. हे पत्र आपणहून येत नाही, ते मागावं लागतं, आणि मागणी करायची तर आधी टी व्हिसा मंजूर झालेला हवा. बाईंचा आय-९१४ ऑक्टोबर २०२५ मध्ये गेला, तोही कंटिन्यूड प्रेझेन्सच्या भरवशावर न थांबता.

दुसरं काम वैद्यकीय. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, मूत्रपिंडाची चाचणी, पायाच्या मापाचे मधुमेही बूट, आणि योजना देईल तितक्या दिवसांचा औषधसाठा, हे सगळं ३० सप्टेंबर २०२६ च्या आत. बुटांना वेळ लागतो : आधी डॉक्टरांची शिफारस, मग मंजुरी, मग माप. ऑगस्टमध्ये सुरुवात केली तर उशीर झालेला असतो, म्हणून मापाची वेळ मे महिन्यातली घेतली आहे. आरोग्य केंद्रात त्यांचं नाव आताच नोंदवून ठेवलं आहे. नातेवाइकाच्या रकान्यात लिहिलं आहे : कोणी नाही. दुभाषा : मराठी.